औषध भरलेलं सूत

प्रश्न : इचलकरंजीत माझे आठ माग आहेत. मुलगी कोल्हापुरात बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुताच्या धंद्यातून बाहेर पडावी म्हणून शिकवली, तर आता एम. फार्म.ला ‘नॅनोफायबरमधून औषध’ हा विषय घेते म्हणते. यात पोटापाण्याचं काय?
– एक पालक

उत्तर : ती परत धाग्याकडे निघाली याचं वाईट वाटून घेऊ नका. मला तीच तिची जमेची बाजू दिसते.

जोतिबाच्या यात्रेत म्हातारीचे केस होताना तुम्ही पाहिले असतील. तिथं साखर चाकाच्या वेगानं ताणली जाते, नॅनोफायबर म्हणजे अतिबारीक तंतू काढताना द्रावण विजेच्या ओढीनं. पॉलिमर (प्लास्टिकसारखा, तार निघणारा पदार्थ) आणि औषधाचं द्रावण सुईच्या टोकाशी आणून 10 ते 20 हजार व्होल्टचा दाब दिला की त्याची तार निघते. द्रावक वाटेतच उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर केसाहून शंभरेक पट बारीक तंतूंचा पापुद्रा जमतो. तो जखमेवर ठेवला की औषध हळूहळू झिरपतं. पण औषध तंतूच्या पृष्ठभागालगत राहिलं, तर पहिल्या काही तासांतच बरंचसं निघून जातं. म्हणून एकात एक दोन सुया बसवून आत औषध, बाहेर पॉलिमर असा तंतू काढतात. द्रावण पातळ झालं की तंतूत मणी पडतात, हवेचा दमटपणा बदलला की तंतू बिघडतो. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, हे तुमच्या घरात तिनं लहानपणापासून ऐकलंय.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. निव्वळ नॅनोफायबरच्या नावानं आज जागा थोड्या आहेत. प्रयोगशाळेतल्या एका सुईतून तासाला मिलिलिटरभर द्रावण जातं, कारखान्याला ते परवडत नाही. त्यामुळं एम. फार्म. तिला फार्मास्युटिक्समध्येच, म्हणजे औषधाला गोळी-मलमाचं रूप देण्याच्या शाखेतच करू द्या. औषध किती वेळात किती सुटतं, हे मोजण्याचं कसब गोळ्या-मलमांच्या फॉर्म्युलेशन विभागातही लागतं. पुणे, मुंबई, गोवा तिन्हीकडं ते काम आहे. जीपॅटची, म्हणजे एम. फार्म.च्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेची तयारी आत्तापासून हवी, त्यावर दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकतं.

त्याआधी आठव्या सत्राचा प्रोजेक्ट याच विषयावर घेऊ दे. शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा विभाग आहे, तुमच्या गावात वस्त्रोद्योग शिकवणारी डीकेटीई आहे. शिक्षकांचं पत्र घेऊन यंत्र वापरायला मिळेल का, हे दोन्हीकडं विचारा. मणी पडलेले तंतू बघूनही दुसऱ्या दिवशी तिला परत जावंसं वाटलं, तर अडवू नका. पहिल्या खेपेला तुम्हीही जा तिच्यासोबत.