सेटर गावाला गेला की कारखाना का थांबतो?

तुमचा प्रश्न: छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला 30 माणसांचं मशीनिंग युनिट आहे. कोरोनात छोट्या कारखान्यांनी माणसांचं कसं जमवलं, आणि त्यातलं आज काय कामाचं?

माणसं कमी पडली हे खरंच. पण छोट्या युनिटात काम अडलं ते बहुतेक एकाच माणसापायी. हेल्पर गेला तर दुसरा मिळतो. सेटर, म्हणजे मशीनवर टूल आणि मापं लावून देणारा माणूस, गेला की चार मशीनं उभी राहतात, कारण सेटिंग त्याच्या डोक्यात असते, कागदावर नसते. म्हणून मी सुरुवात पाळ्यांचे गट पाडण्यापासून न करता कागदापासून करायला सांगेन.

प्रत्येक जॉबला, म्हणजे घडवायच्या प्रत्येक भागाला, एक पान करा. त्यावर प्रोग्रॅम नंबर, जॉ (जॉब पकडणारे जबडे) किती व्यासाला बोअर केले म्हणजे आतून कोरले, कुठल्या स्टेशनला (टूल बसवायच्या जागेला) कुठलं टूल आणि ते किती बाहेर, इन्सर्टचा (टूलच्या बदलत्या पात्याचा) ग्रेड, चकचा (जॉ असलेल्या पकडीचा) दाब, पहिल्या नगाची मापं आणि क्लॅम्पिंगचा मोबाईलवर काढलेला फोटो असावा. चकचा दाब लिहायला लोक हमखास विसरतात. पातळ भिंतीच्या जॉबला दाब जास्त झाला की चकमध्ये गोल दिसणारं बोअर जॉब सोडल्यावर गोल राहत नाही, आणि नवा माणूस दिवसभर ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) बदलत बसतो. पान सेटरकडूनच लिहून घ्या, पण त्यावरून सेटिंग दुसऱ्याला करायला लावा. तो जिथे अडेल, तिथे पान अपुरं आहे.

मग कौशल्याचा तक्ता. उभ्या ओळीत माणसं, आडव्या ओळीत कामं, प्रत्येक चौकटीत चार भागांचं वर्तुळ: पाहिलंय, कुणी सोबत असताना करतो, एकट्याने करतो, शिकवू शकतो. ज्या कामापुढे 'एकट्याने करतो' अशी तीन नावं नाहीत, ते काम धोक्यात आहे असं धरा. दोन पुरत नाहीत. एक आजारी आणि एक गावाला, हे एकाच आठवड्यात होतं.

आता गट, म्हणजे एकाची लागण सगळ्या युनिटात पसरू नये म्हणून माणसं वेगळी ठेवणं. 20 एप्रिल 2020 पासून महापालिका हद्दीबाहेरच्या कारखान्यांना सशर्त मुभा मिळाली. त्यात दोन पाळ्यांमध्ये एक तासाचं अंतर, जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या आणि गाडीत 30 ते 40 टक्केच माणसं, अशा अटी होत्या. तुमच्या आकाराला 12-12 चे दोन गट आणि 6 राखीव, एक पाळी 7 ते 3, दुसरी 4 ते 12, ही मांडणी चालते. ती फसते ती खोलीवर. वाळूजलगतच्या रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर या गावांत एका खोलीत चार-पाच पोरं राहतात. त्यातली दोन सकाळच्या आणि दोन दुपारच्या पाळीत टाकली, तर गट कागदावरच राहतो. म्हणून हजेरीपटावर नावापुढे खोलीही लिहा आणि खोली पाहून गट पाडा. दुसरी गळती सुपरवायझर आणि क्वालिटीवाल्याची, कारण ते दोन्ही पाळ्यांत फिरतात. प्रत्येक गटाला आपला सेटर आणि आपला तपासणारा हवाच.

फवारणीचं एक सांगतो. हायपोक्लोराइट (जंतुनाशक क्लोरीनचं पाणी) मशीनवर मारू नका, बेड आणि स्लाइड गंजतात. हँडल आणि बटणं कापडाने पुसा. वेल्डरने हाताला सॅनिटायझर लावून लगेच टॉर्च धरू नये. अल्कोहोल पेट घेतं आणि ती ज्वाळा उजेडात नीट दिसतही नाही.

बाहेरचे कामगार गेल्यावर गावाकडची पोरं आली, पुण्याहून परतलेली आयटीआयवालीही. नव्याला पहिला आठवडा फक्त जॉब लावणं-काढणं आणि व्हर्नियर, गेज. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांचं बटण आणि गार्ड असल्याशिवाय कुणालाही उभं करू नका, ऑर्डर कितीही अडली तरी. ऑफसेट दोन-तीन महिन्यांनी द्या, तोही 0.05 मिमीपर्यंतच, त्यापुढे सेटरला हाक. फानुक कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) नव्याची ठरलेली चूक '+इनपुट'ऐवजी 'इनपुट' दाबण्याची. पहिलं बटण मूळ आकड्यात भर घालतं, दुसरं मूळ आकडाच पुसून नवा लिहितं. स्क्रीनवरच्या जॉमेट्रीच्या (टूलच्या मूळ मापांच्या) पानावर हे झालं की टूल थेट चकवर आदळतं. म्हणून नव्याला फक्त वेअरचं (टूलच्या झिजेच्या दुरुस्तीचं) पान दाखवा. लेथवर एक्स अक्षाचा आकडा व्यासात असतो, त्याची निम्मी दुरुस्ती करणारेही भेटतात.

रजेचं गणितही बदलतं. बिहार-यूपीचा माणूस होळीला, छठला जातो. आपल्याकडचा मृगात पेरणीला, मग सोयाबीन काढणीला, कापूस वेचणीला. जून आणि ऑक्टोबरची राखीव माणसं आधीच ठरवून ठेवा.

पैशाचं मला सर्वात मोठं वाटतं. जादा तासांना दुप्पट दर हा कायदाच आहे, तो कापून माणूस टिकत नाही. ईएसआयसीत (कामगार राज्य विमा योजनेत) आजारपणाला मजुरीच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळतात. मात्र सहा महिन्यांच्या योगदान काळात किमान 78 दिवसांचं योगदान लागतं. नवा माणूस त्यात बसत नाही, त्याच्या आजारपणाची सोय तुम्हालाच करावी लागते. 8 मे 2020 ला करमाडजवळ रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करून ते चालत घरी निघाले होते. काम बंद पडेल त्या दिवशीच मजुरी कधी, किती आणि रेशन कुठे, हे तोंडी नाही, लेखी सांगा. आणि राहायची सोय कारखान्यात केली तर संडास, पंखा आणि पाण्याची टाकी माणसं येण्याआधी तयार ठेवा.