भरलेला फ्रेंच टोस्ट आतून कच्चा का राहतो?

या वेळी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच पदार्थाविषयी आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या तिन्ही उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या घरी आठवड्याचे सहा दिवस डबे आणि लोकलच्या वेळा सांभाळण्यात जातात, त्यामुळे रविवारी अकराच्या सुमारास सर्वांनी एकत्र बसून निवांत खावे, असा माझा आग्रह असतो. लेकीने एका कॅफेत भरलेला फ्रेंच टोस्ट खाल्ला आणि तसाच घरी करण्याचा हट्ट धरला. मी नेहमीच्या सँडविच ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये विकतचे आम्रखंड भरले, ते अंडी-दुधात बुडवले आणि लोण्यावर भाजले. वरून टोस्ट काळपट झाला, आत ओला लगदा राहिला, आम्रखंड तव्यावर वाहून करपले आणि पहिल्याच घासाला अंड्याचा उग्र वास आला. सहा माणसांसाठी हा पदार्थ नीट कसा करावा?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या चारही तक्रारींचे मूळ जवळजवळ एकच आहे. फ्रेंच टोस्ट हा भाजलेल्या पावाचा प्रकार आहे असे आपण समजतो, परंतु प्रत्यक्षात ते पावाच्या जाळीत शिजणारे कस्टर्ड असते. नुसत्या अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसपासून घट्ट होऊ लागतो, पण त्याच अंड्यात दूध आणि साखर मिसळली की ते मिश्रण नीट धरण्यासाठी ८० अंशांच्या आसपास तापमान लागते. तापलेल्या तव्यावर टेकलेल्या पृष्ठभागाला मात्र एक-दोन मिनिटांतच तांबूस रंग चढतो. त्यामुळे केवळ रंग पाहून टोस्ट उतरवला, तर आतले मिश्रण कच्चेच राहते, आणि मधोमध फ्रिजमधून नुकतेच काढलेले गार सारण असेल, तर आत पोहोचणारी थोडीफार उष्णताही तेच शोषून घेते. आपल्याला आलेला वास हा बहुतांशी या न शिजलेल्या अंड्याचा होता.

सुरुवात पावापासून करावी. सँडविचचा पातळ स्लाइस या कामासाठी फार नाजूक ठरतो, कारण तो भिजताच फाटतो आणि सारणाला धरून ठेवू शकत नाही. बेकरीतून न कापलेला अख्खा मिल्क ब्रेड आणावा आणि घरी त्याचे सुमारे चार सेंटिमीटर जाडीचे, म्हणजे दोन बोटांहून थोडे जाड, सहा तुकडे करावेत. त्यासाठी ४०० ग्रॅमचे दोन ब्रेड आणलेले बरे. ब्रिऑश मिळाला तर उत्तमच, कारण त्यात लोणी आणि अंडी आधीच असतात. इराण्याकडचा ब्रून चहात बुडवायला कितीही चांगला असला, तरी येथे घेऊ नये, कारण त्याची कडक पापुद्र्याची पाठ मिश्रण आत शिरू देत नाही. लादीपाव आकाराने लहान आणि विणीने फार सैल असल्यामुळे तोही टाळावा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. फ्रान्समध्ये या पदार्थाला ‘पँ पेर्दू’, म्हणजे वाया गेलेला पाव, असे म्हणतात, कारण तो शिळ्या, वाळलेल्या पावाचा सदुपयोग करण्यासाठी केला जातो. वाळलेला पाव दूध भरपूर पितो आणि तरीही उभा राहतो. ताज्या पावात मात्र आधीच पाणी असल्यामुळे त्याचा लगदा होतो. परदेशी पाककृतींत पाव रात्रभर ओट्यावर उघडा ठेवण्यास सांगितलेले असते. तेथील कोरड्या हवेत ते ठीक आहे, परंतु मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, असा उघडा ठेवलेला पाव वाळण्याऐवजी चिवट होतो आणि त्याला बुरशी लवकर धरते. म्हणून कापलेले तुकडे ओव्हनच्या जाळीवर १५० अंशांवर दोन्ही बाजूंनी मिळून दहा-बारा मिनिटे ठेवावेत. ओव्हन नसेल तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर ते उलटसुलट करावेत. तुकड्यांना रंग येऊ द्यायचा नाही. फक्त हाताला ते कोरडे लागले पाहिजेत.

आता सारणाविषयी. विकतचे आम्रखंड वाहून गेले यात आपला दोष नाही. चक्क्यात साखर मिसळली की ती विरघळताना चक्का सैल होतो, हे घरी श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. तोच सैल गोळा तापला की पातळ होऊन वाट मिळेल तिकडे धावतो. सहा टोस्टसाठी सुमारे ३०० ग्रॅम घट्ट चक्का घ्यावा. दही फडक्यात बांधून सहा ते आठ तास फ्रिजमध्येच टांगावे, नाहीतर आपल्याकडच्या उकाड्यात ते आंबते. चक्क्यात तीनच चमचे पिठीसाखर, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, दुधात खललेले केशर आणि वेलदोड्याची पूड घालावी. कॉर्नफ्लोअर तापताना चक्क्याला सुटणारे पाणी धरून ठेवते. आंब्याचा रस चक्क्यात कालवू नये. हापूसच्या बारीक फोडी चाळणीवर थोडा वेळ निथळत ठेवून मगच त्यात मिसळाव्यात. आंब्याचा मोसम सरला की डिसेंबरनंतर येणाऱ्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीही याच रीतीने वापरता येतात.

मला स्वतःला मात्र या टोस्टमध्ये उकडीच्या मोदकाचे सारण सर्वांत अधिक आवडते. ओले खोबरे आणि गूळ कोरडे होईपर्यंत परतून, जायफळ घालून, पूर्ण गार केलेले हे सारण तापले तरी वाहत नाही, आणि त्याच्याबरोबर वेलची केळ्याच्या दोन-तीन चकत्या ठेवल्या, तर वेगळ्या गोडाची गरज राहत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने याच सारणापासून सुरुवात करावी, अशी माझी मनापासून शिफारस आहे.

तुकड्याच्या एका कडेला धारदार सुरीने चीर देऊन आत खिसा करावा. उरलेल्या तीन बाजूंना एकेक सेंटिमीटर पाव अखंड राहिला पाहिजे. चक्क्याचे सारण जाड, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आणि तिचा कोपरा कापून आत दाबले, तर खिसा फाटत नाही. प्रत्येक तुकड्यात दोन मोठे चमचे सारण पुरे आहे. हात सैल सोडून अधिक भरण्याचा मोह होतो, पण तसे केले तर पुन्हा गार गाभ्याचीच अडचण उभी राहते.

मिश्रणासाठी पाच अंडी, ३०० मिलिलीटर दूध, पाव वाटी ताजी साय, एक मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि थोडे किसलेले जायफळ घ्यावे. अंडी आधी एकटीच नीट फेटावीत, मग त्यांत दूध आणि साय घालावी आणि सगळे गाळणीतून गाळून घ्यावे. पांढऱ्या भागाचे न फुटलेले धागे राहिले, की तव्यावर त्यांचे पांढरट पापुद्रे होतात आणि वासही त्यांचाच अधिक येतो. साखर वाढवू नये, कारण ती तव्याला लागून लवकर करपते. भरलेले तुकडे पसरट ताटात एका थरात ठेवून दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे भिजवावेत आणि मिनिटभर जाळीवर निथळू द्यावेत.

लोणी पटकन काळे पडते, कारण त्यातील दुधाचा कोरडा अंश जळतो. लोण्यात तेल घातल्याने तो अंश जळायचा थांबत नाही. साजूक तुपात तो अंश उरलेलाच नसतो, म्हणून भाजण्यासाठी तूप घ्यावे आणि लोण्याचा स्वाद हवाच असेल, तर शेवटच्या मिनिटाला लोण्याचा छोटा तुकडा सोडावा. जाड बुडाचा तवा मंद ते मध्यम आचेवर तापवून प्रथम चिरेची बाजू अर्धा मिनिट तव्यावर उभी धरावी, म्हणजे तेथील अंडे धरते आणि खिशाचे तोंड बंद होते. मग तुकडा आडवा करून प्रत्येक बाजू तीन ते चार मिनिटे भाजावी. एवढ्याने बाहेरचा खरपूस रंग येतो, पण आतले काम अर्धेच झालेले असते.

सहाही टोस्ट एकाच वेळी गरम वाढण्याची युक्तीही या उरलेल्या अर्ध्या कामातच आहे. तव्यावर दोन-दोन भाजून होतील तसे ते ताटात जमवावेत आणि शेवटी सगळे एकदम १८० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये आठ ते दहा मिनिटे ठेवावेत. ते आत किंचित फुगतात. सारणाच्या शेजारच्या पावात सुरीचे टोक खुपसून पाहिले असता पातळ मिश्रण बाहेर येता कामा नये. ओव्हन नसल्यास तव्यावर झाकण ठेवून आच सर्वांत मंद करावी आणि पाच-सहा मिनिटे द्यावीत. घरात लहान मुले, गरोदर स्त्री किंवा वृद्ध माणसे असतील, तर ही पायरी घाईत उरकू नये.

वरून घालण्यासाठी महागडे मेपल सिरप आणायलाच हवे असे नाही. काकवी कोमट करून तिच्यात थोडे लोणी घोटले, तर खोबऱ्याच्या सारणाशी ती कोणत्याही परदेशी पाकापेक्षा अधिक जुळते.

प्रश्न : माझ्या सासूबाई अंडे खात नाहीत, आणि रविवारी सगळे टोस्ट खात असताना त्यांच्या पुढ्यात पोहे ठेवणे मला बरे वाटत नाही. अंड्याशिवाय भरलेला टोस्ट होईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अवश्य होईल, आणि आपली ही काळजी मला फार भावली. कस्टर्ड पावडरचा जन्मच अशा अडचणीतून झाला आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे, म्हणून त्यांनी १८३७ साली अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर वापरून कस्टर्ड तयार केले.

बहुतेक पाककृतींत कस्टर्ड पावडर थंड दुधात कालवून पाव त्यात बुडवण्यास सांगितलेले असते. माझ्या मते ही रीत सदोष आहे, कारण पिठी तळाशी बसते आणि जाड पावाच्या आत ती पूर्ण शिजत नसल्याने जिभेवर कच्च्या पिठाची चव रेंगाळते. त्याऐवजी दोन कप दुधात दीड मोठा चमचा पावडर आणि एक चमचा साखर घालून, सतत ढवळत, एक उकळी येईपर्यंत पातळ कस्टर्ड शिजवावे आणि कोमट होऊ द्यावे. जाड तुकड्याला खिसा करण्याऐवजी येथे सुमारे दीड सेंटिमीटर जाडीचे दोन वाळवलेले स्लाइस घ्यावेत, मध्ये कडा सोडून सारण पसरावे, कडा दाबाव्यात आणि प्रत्येक बाजू जेमतेम २० सेकंद भिजवावी. धरून ठेवणारे अंडे नसल्यामुळे अधिक भिजलेला पाव सावरता येत नाही. तुपावर मंद आचेवर भाजलेला हा टोस्ट फुगणार नाही, पण त्याची कड सुरेख कुरकुरीत होते आणि त्याची चव शाही तुकड्याच्या जवळ जाते.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. ब्रिऑशमध्ये अंडे असते, म्हणून येथे मिल्क ब्रेडच घ्यावा आणि ब्रेड व पावडर या दोहोंच्या वेष्टनावरील हिरवी खूण पाहून घ्यावी. शिवाय सासूबाईंचा टोस्ट स्वच्छ तव्यावर, स्वतंत्र उलथन्याने, सर्वांच्या आधी करावा, म्हणजे त्या निःशंक मनाने खातील.

प्रश्न : रविवारी सकाळी एवढा खटाटोप करण्यापेक्षा शनिवारी रात्रीच टोस्ट भिजवून ठेवले तर चालतील का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : भिजवून ठेवू नयेत, पण भरून ठेवावेत. सारण भरलेले कोरडे तुकडे झाकलेल्या डब्यात आणि गाळलेले अंडी-दूध वेगळ्या बंद भांड्यात, असे दोन्ही फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिजमध्ये पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, आणि येथे आपल्याला तेच हवे आहे. सकाळी भरलेले तुकडे भिजवण्यापूर्वी वीस मिनिटे बाहेर काढावेत, म्हणजे गाभा फार गार राहणार नाही. अंड्याचे मिश्रण मात्र ऐन वेळेपर्यंत आतच असू द्यावे. फळांच्या फोडी सकाळीच घालाव्यात, कारण रात्रभरात त्यांना पाणी सुटते.

प्रश्न : आमच्याकडे सकाळी गोड कोणालाच चालत नाही. तिखट भरलेला टोस्ट कसा करावा?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : दक्षिण भारतात गोड फ्रेंच टोस्टलाच ‘बॉम्बे टोस्ट’ म्हणतात, पण खुद्द मुंबईतील अनेक घरांत तो कांदा, मिरची आणि कोथिंबीर घालून तिखटच केला जातो. भरलेल्या प्रकारात कच्चा कांदा अंड्याच्या मिश्रणात घालू नये, कारण तो तव्यावर गळून जळतो आणि तूप कडवट करतो. कांदा थोड्या तुपात परतून, गार करून, किसलेले पनीर, किसलेले चीज, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांच्याबरोबर सारणातच मिसळावा. खिशाच्या एका आतल्या बाजूला घट्ट हिरवी चटणी लावावी. ती पातळ असेल तर पाव आतून ओला होतो. मिश्रणातील साखर वगळून त्यात मीठ, मिरपूड आणि चिमूटभर हळद घालावी. चीज खारट असते, म्हणून सारणात वेगळे मीठ घालण्यापूर्वी ते चाखून पाहावे. भाजण्याची रीत, आच आणि वेळ पहिल्या उत्तराप्रमाणेच ठेवावी. फक्त तव्यावरून उतरवल्यावर टोस्ट दोन मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मगच कापावा, नाहीतर वितळलेले चीज ताटात वाहून जाते.