‘तो माझ्यापेक्षा स्पीकरशीच जास्त बोलतो’

“मॅडम, उद्या त्याला आमची गरजच उरली नाही तर?” फोंड्याहून आलेल्या एका आईने विचारलं. तिचा मुलगा घरातल्या स्मार्ट स्पीकरशी, म्हणजे विचारलं की बोलून उत्तर देणाऱ्या यंत्राशी, गप्पा मारतो. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हल्ली बरेच पालक हे विचारतात. या बाईंच्या भीतीमागे मात्र एक कथा होती. कॉलेजात वाचलेली रे ब्रॅडबरीची ‘द वेल्ट’ त्यांच्या डोक्यातून जात नव्हती.

१९५० सालची ही कथा. त्यातलं घर मुलांना न्हाऊमाखू घालतं, बुटांच्या नाड्या बांधतं, झोके देऊन निजवतं. खेळखोलीच्या भिंतींवर मुलांच्या मनातलं जे असेल ते उभं राहतं: आफ्रिकेतलं गवताळ रान, सिंह. बाप चिडून घर बंद करतो, आणि शेवटी मुलं आईबापांना त्याच खोलीत सिंहांपुढे कोंडतात. असलं वाचलेल्या माणसाला मुलगा स्पीकरला ‘गुड नाइट’ म्हणताना ऐकून धस्स होणारच.

त्या कथेत एक मानसोपचारतज्ज्ञही आहे. त्याचं म्हणणं, तुम्ही आपली जागा या घराला देऊन टाकलीत. आता खोली पाडा आणि मुलांना वर्षभर रोज माझ्याकडे आणा. (वर्षभर, रोज! मी असं सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून कोणी फिरकणार नाही.) त्याचं निदान मला पटतं, उपाय पटत नाही. आयझॅक ॲसिमॉव्हच्या १९४० मधल्या ‘रॉबी’तही आई मुलीचा लाडका रोबो तिच्या नकळत घालवते, बदल्यात कुत्रा आणून देते. मुलगी रोबोसाठी झुरतच राहते.

म्हणून मी म्हटलं, स्पीकर बंद करू नका. मुलगा त्याला काय विचारतो, ते आधी बघू. ॲपमध्ये प्रश्नांची नोंद राहते. बाईंनी मोबाइल काढला. मुलगा आठ वर्षांचा. डायनासोर, सामन्याचा स्कोअर, सातचा पाढा, आणि मध्येच ‘मस्कतला आता किती वाजले?’ ‘अरबी समुद्रात वादळ आहे का?’ ‘मोठं जहाज बुडतं का?’ वादळाचा प्रश्न तर जवळजवळ रोज संध्याकाळी. वडील मालवाहू जहाजावर इंजिनिअर.

वाचता वाचता बाई थांबल्या. “मला विचारलं होतं त्याने एकदा. मी म्हटलं, दिवेलागणीला असलं अभद्र बोलू नये.”

मुलाशी वेगळं बोलले तेव्हा तो सहज सांगून गेला, “आईला विचारलं की ती देवासमोर जाऊन बसते.” म्हणजे आईला सोडून तो यंत्राकडे गेला नव्हता. आईला सोसत नाही असा प्रश्न तेवढा त्याने दुसरीकडे नेला होता. यंत्र घाबरत नाही, रागावत नाही, त्याचा आवाज कापत नाही. मुलं हे फार लवकर हेरतात.

मी सुचवलं ते एवढंच: वादळाचा प्रश्न तुम्ही परत घ्या. संध्याकाळी दोघांनी मिळून हवामान बघायचं, जहाज जिथे असेल तिथे नकाशावर टाचणी टोचायची. भीती वाटली तर ‘मलाही वाटते’ म्हणायचं. पाढे आणि स्कोअर स्पीकरकडेच राहू देत. कुंडईच्या कारखान्यात तुमची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात गोष्टही त्यानेच सांगितली म्हणून काही बिघडत नाही.

तान्हं बाळ असतं तर मी इतकी सैल बोलले नसते. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांनी समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनिभेद उचलले. टीव्हीवर तसंच बोलणं दाखवलं, तेव्हा पदरात काही पडलं नाही.

पुढच्या भेटीपर्यंत वडिलांनी व्हिडिओ कॉलवर इंजिनरूम आणि लाइफबोट दाखवली होती. स्पीकरशी गप्पा चालूच होत्या, पण वादळाची चौकशी आता आईकडे येत होती, तीही तिला झोप आलेली असताना. बाई वैतागल्या होत्या; मला ते बरं लक्षण वाटलं.

उठता उठता त्या म्हणाल्या, “या चवथीला ह्यांना सुट्टी नाही मिळत. मॅडम, त्याला तुम्हीच सांगाल का?”

मी नाही म्हटलं. त्यांना परत बसायला सांगितलं आणि पुढचा अर्धा तास हे त्याला कसं सांगायचं, यावरच आम्ही बोललो.