वाचकांचे प्रश्न : व्हर्च्युअल मशीनमधील चाचणी कितपत ग्राह्य?

प्रश्न : माझ्या संगणकावर उबुंटू २२.०४ ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. २४.०४ ही आवृत्ती घेण्यापूर्वी ती व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) चालवून पाहावी, असे मला सुचवण्यात आले. तेथे सारे सुरळीत चालले, तर मुख्य संगणकावरही तसेच चालेल असे मानावे का? या चाचणीत माझ्या फायलींना धोका आहे का?

उत्तर : फायलींपुरते बोलायचे तर धोका फार कमी आहे, कारण व्हर्च्युअल मशीनची संपूर्ण हार्ड डिस्क ही सहसा तुमच्या संगणकावरची एक मोठी फाइल असते आणि आत चालणाऱ्या प्रणालीला तिच्याबाहेरचे काही दिसत नाही. अपवाद शेअर्ड फोल्डरचा, म्हणजे आतून आणि बाहेरून दोन्हीकडून वापरता येणाऱ्या फोल्डरचा. तो लिहिण्याच्या परवानगीसह जोडला, तर आत खोडलेली फाइल बाहेरूनही जाते. म्हणून चाचणीपुरता तो जोडूच नये.

पहिल्या प्रश्नाला मात्र सरळ होकार देता येत नाही. अनेक जण नवी आवृत्ती कोऱ्या मशीनमध्ये बसवतात, ती सुरू झालेली पाहतात आणि चाचणी झाली असे समजतात. त्यातून नव्या आवृत्तीची ओळख होते, एवढेच. तुम्हाला २२.०४ वरून अपग्रेड करायचे आहे, आणि अडचणी बहुधा त्या संक्रमणातच उद्भवतात. तेव्हा मशीनमध्ये आधी २२.०४ बसवा, रोजच्या वापरातील सॉफ्टवेअर आणि तुम्ही जोडलेले पीपीए (उबुंटूच्या अधिकृत संग्रहाबाहेरचे सॉफ्टवेअरचे स्रोत) त्यात घाला, आवश्यक फायलींच्या प्रती ठेवा, मशीन बंद करून स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घ्या आणि मगच अपग्रेड सुरू करा. या प्रक्रियेत बाहेरचे पीपीए बंद केले जातात, आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.१० ऐवजी ३.१२ ही आवृत्ती येते. ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हे पॅकेज बांधण्यासाठीचे मॉड्यूल काढून टाकलेले असल्यामुळे त्यावर विसंबणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट अडू शकतात, तर जुन्या पायथनवर उभारलेली एन्व्हायर्न्मेंट (एखाद्या कामासाठी वेगळा ठेवलेला पायथन पॅकेजचा संच) नव्याने तयार करावी लागते. कोरी प्रणाली तपासणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. काही बिघडले, तर स्नॅपशॉटवर परत जाऊन कारण शोधता येते आणि उपाय सापडेपर्यंत अपग्रेड पुन्हा पुन्हा करून पाहता येते; माझ्या मते व्हर्च्युअल मशीनचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

मशीनला ४ जीबी रॅम द्यावी. डिस्क २५ जीबीपेक्षा बरीच मोठी ठेवावी, कारण स्नॅपशॉटही जागा घेतात. मशीन सुरूच होत नसेल किंवा अतिशय संथ चालत असेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूलभूत सेटिंग्जमध्ये) व्हीटी-एक्स अथवा एएमडी-व्ही, म्हणजे प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय, चालू आहे का, हे आधी पाहावे.

हार्डवेअरविषयी मात्र ही चाचणी जवळजवळ काहीच सांगत नाही. आतल्या प्रणालीला तुमचे ग्राफिक्स कार्ड न दिसता सॉफ्टवेअरने उभे केलेले कार्ड दिसते, आणि तुमचे वायफाय तिला साध्या वायरच्या जोडणीसारखे भासते. त्यामुळे वायफायचा ड्रायव्हर, ध्वनी, झाकण मिटल्यावर लॅपटॉपचे झोपणे व जागे होणे, या गोष्टींसाठी २४.०४ ची लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून प्रणाली थेट चालते असा पेनड्राइव्ह) तयार करून तिच्यावरून संगणक सुरू करावा आणि इन्स्टॉल न करता या बाबी एकेक करून पाहाव्यात. दोन्ही चाचण्या पार पडल्यावर मुख्य संगणकावरील फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि अपग्रेड करावे. मशीनमधला स्नॅपशॉट या प्रतीची जागा घेऊ शकत नाही.