‘आजी अजून आगीत आहे का?’

डॅलसजवळून एका आईचं पत्र आलंय. त्यात चार प्रश्न आहेत, पण पहिला वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना, त्यामुळे आजची जागा त्यालाच.

त्या लिहितात, ‘मार्चमध्ये माझी आई पुण्यात वारली. तिकीट मिळूनही पोचले नसते, म्हणून सगळं व्हिडिओ कॉलवर बघितलं. आठ वर्षांची लेक मांडीवर होती. परवा तिची मैत्रीण तिला म्हणाली, तुझी आजी जीझसला मानत नव्हती ना, मग ती हेलमध्ये गेली. तेव्हापासून पोरगी झोपत नाही, रात्री उठून विचारते, आजी अजून आगीत आहे का? आम्ही सांगितलं, असं काही नसतं, ते लोक काहीही बोलतात, झोप आता.’

ताई, रात्री अडीचला वाजणारा तो फोन इकडे आपल्यापैकी कुणाला चुकलाय? आई गेली आणि शेवटचा हात लावता आला नाही, हे काय असतं ते मला माहितीय. पण रागावू नका, ‘झोप आता’ हे काही उत्तर झालं नाही.

तिचा प्रश्न नीट ऐका. ‘अजून’ म्हणतेय ती. म्हणजे आग तिने आधीच बघितलीय. तुम्हीच पुढे जाता जाता लिहिलंय, ‘विद्युतदाहिनीचं दार उघडलं, आत लाललाल दिसलं, दार बंद झालं आणि भावाने कॉल कट केला.’ बस, तिच्यासाठी आजीची गोष्ट तिथेच थांबलीय, बंद दाराशी, आणि पुढे काय झालं हे कुणी सांगितलंच नाही, म्हणून मैत्रीण जे बोलली ते बरोबर त्या दाराच्या आत जाऊन बसलं. भीती चर्चमधून आली असेल, पण तिला जागा आपण करून दिली. मी हे दरवेळी सांगते आणि सांगतच राहणार, मुलांशी मरणाबद्दल बोला, आपण बोललो नाही तर दुसरं कुणीतरी बोलतंच.

आमच्याकडे काय झालं सांगते. सासरे गेले तेव्हा मुलगा पाच वर्षांचा, आम्ही म्हटलं, आजोबा देवाघरी गेले. पुढच्या रविवारी मंदिरात गेलो तर हा गाभाऱ्याच्या मागे जाऊन शोधतोय. देवाचं घर हेच ना, मग आजोबा कुठेत? त्याला उचलून बाहेर आणताना मला रडू आवरेना. त्या दिवसानंतर आमच्या घरात ‘देवाघरी’ म्हणून विषय बंद करणं बंद झालं.

आता त्या मैत्रिणीबद्दल. तिने चिडवलं असेल असं मला वाटत नाही. टेक्सासात बॅप्टिस्ट चर्चेस जागोजागी आहेत, आणि त्यांच्याकडे लहानपणापासून हेच शिकवतात की ज्याने येशूला तारणारा म्हणून स्वीकारलं तो स्वर्गात, नाही स्वीकारलं तो नरकात, तेही कायमचा. त्या पोरीला मैत्रिणीची खरोखर काळजी वाटली असेल. पण ‘ते लोक’ म्हणजे सगळे एकच असं नाही हो. कॅथलिकांमध्ये मेल्यावर लगेच प्रत्येकाचा निवाडा, जगाच्या शेवटी सगळ्यांचा, आणि स्वर्गाच्या आधी ज्यांना शुद्ध व्हायचंय त्यांच्यासाठी पर्गेटरी, जी सोळाव्या शतकात चर्चशी भांडलेल्या मार्टिन लूथरनंतर प्रोटेस्टंटांनी नाकारली. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट तर म्हणतात की मेलेला माणूस निवाड्यापर्यंत झोपलेलाच असतो आणि दुष्टांचा शेवटी नाश होतो, कायमचं जळणं वगैरे नाही. आणि 1964मध्ये कॅथलिकांच्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहून ठेवलंय की ज्यांना स्वतःचा काही दोष नसताना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाने वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 25व्या अध्यायात निवाड्याच्या वेळी राजा बघतो ते भुकेल्याला जेवू घातलंत का, परक्याला घरात घेतलंत का. त्याच अध्यायात सार्वकालिक अग्नीही आहे, ते लपवायचं कारण नाही.

आणि ‘आपल्यात नरकबिरक नसतं’ असंही तिला सांगू नका. गरुडपुराणात कुंभीपाक आहे, वैतरणी आहे, उद्या गूगल करेल आणि तुमच्यावरचा विश्वास जाईल. आपल्याकडचा नरक कायमचा नसतो, भोग संपला की सुटका, हे सांगा.

माझी धाकटी जाऊ वसईची, कॅथलिक. दर 2 नोव्हेंबरला तिच्या माहेरी सगळे कबरी धुऊन पुसून झेंडूची फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, संध्याकाळी अख्खं कबरस्तान उजळलेलं असतं. सासूबाई गेल्या, जन्मभर पांडुरंगाच्या, तेव्हा हिने न सांगता त्यांच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थनाविधी, अर्पण केली. मी विचारलं, चालतं का गं? म्हणाली, वहिनी, प्रार्थना कुणासाठीही करता येते, निवाडा करणारी मी कोण. त्यांच्यात पुरतात कारण शरीर पुन्हा उठणार ही श्रद्धा, 1963पर्यंत तर कॅथलिकांना दहनाची परवानगीच नव्हती. म्हणजे आपली आग ही शिक्षा नाही, निरोप द्यायची आपली रीत आहे, हे मला खरं तर तिच्याशी बोलताना कळलं.

तेव्हा आज रात्री लेकीला जवळ घ्या आणि दाराच्या पुढची गोष्ट सांगा. दार बंद झालं तेव्हा आजीला काहीच दुखत नव्हतं, कारण श्वास थांबला की शरीराला दुखत नाही. तास-दोन तासांत आग विझली. मग मामाने अस्थी गोळा केल्या आणि त्या पाण्यात सोडल्या, कुठे ते भावाला विचारून नेमकं सांगा, फोटो असेल तर दाखवा. आग संपली, बाळा, कधीच संपली. मग म्हणा, तुझ्या मैत्रिणीच्या घरी असं मानतात, आपल्या घरी असं मानतो, आणि मेल्यावर नक्की काय होतं ते जाऊन बघून कुणी आलेलं नाही. रडली तर रडू दे, तुम्हीही रडा, मार्चपासून तुम्ही रडलाच नसाल.

बाकीचे तुमचे प्रश्न, शाळा बदलायची का, मैत्रिणीकडे रात्री राहायला पाठवायचं का आणि वर्षश्राद्धाचं काय, पटकन. शाळा बदलू नका. मैत्रिणीच्या आईला फोन जरूर करा, पण तक्रारीचा सूर नको, पोरगी घाबरलीय एवढंच सांगा. स्लीपओव्हर महिनाभर तुमच्याकडे ठेवा. वर्षश्राद्धाला गुरुजी मिळाले नाहीत तर आईला आवडायचं ते करा, तुम्ही लिहिलंय त्यांना बेसनाचे लाडू आवडायचे, मग लेकीला वळायला बसवा आणि दोन मैत्रिणीच्या घरी पाठवा.