आबा, चर्चिल आणि रिमोट

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका सूनबाईंचं पत्र आलंय. प्रश्न चार विचारलेत, पण पत्राचा मोठा भाग एकाच भांडणावर खर्च केलाय, तेव्हा मीही तेच करणार.

"काकू, सासरे सहा महिन्यांसाठी वाईहून आलेत. वय अठ्ठ्याहत्तर. मुलगी चौदा वर्षांची, जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, इतिहास घेतलाय, त्यामुळे जेवताना सारख्या डॉक्युमेंटरी लावते. परवा चर्चिलवरची चालू होती. आबा म्हणाले, 'बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मारली ह्यानं, आणि तू कौतुकानं काय बघतेस?' ती म्हणाली, 'तो नसता तर हिटलर जिंकला असता, तुम्हाला काही माहीत नाही.' तेव्हापासून आबा खोलीतच जेवतात. मी आता टीव्हीच बंद ठेवते. बरोबर केलं ना?"

नाही गं बाई. टीव्ही बंद करून भांडणं मिटली असती तर काय हवं होतं? तुझी अवस्था कळते मला. भांडण त्यांचं, आणि ताट वाढून खोलीत नेऊन द्यायचं तू. पण माझ्याकडे एरवी येणारी पत्रं वाचलीस तर देवापुढे साखर ठेवशील. नातवंडं कानात बोंडं घालून फोनवर, आजोबा पलीकडच्या खोलीत कीर्तन लावून, आणि सहा महिन्यांत दोघांमध्ये 'जेवलास का'च्या पुढे वाक्य नाही. तुझ्याकडे आजोबा आणि नात चर्चिलवरून भांडतायत, आणि तू प्लग काढून ठेवतेस!

तर आता माझं नेहमीचं तुणतुणं. इथल्या डॉक्युमेंटरी घरात सगळ्यांनी मिळून बघाव्यात, आणि मधे मधे थांबवून बोलावं. आपण इथे नोकरीला आलो. इथल्या इतिहासाशी आपला संबंध नागरिकत्वासाठीच्या 'लाइफ इन द यूके' परीक्षेच्या चोवीस प्रश्नांपुरता. पाठ केलं, अठरा बरोबर आले, विसरलो. मुलांना शाळा तिची बाजू शिकवते, आजोबांना त्यांची बाजू लहानपणापासून ठाऊक असते, आणि मधली पिढी म्हणजे तू आणि मी 'अहो, जाऊ द्या ना' म्हणत पोळ्या लाटतो.

मोठ्या माणसावरची डॉक्युमेंटरी ही बहुतेक वेळा वकिली असते, एवढं आधी दोघांना सांग. बीबीसीनं 2002 मध्ये हे उघडपणेच केलं होतं. 'ग्रेट ब्रिटन्स' नावाची मालिका. लोकांनी निवडलेल्या पहिल्या दहा जणांवर एकेक तासाचा भाग, आणि प्रत्येकाची बाजू मांडायला एक वकील नेमलेला. चर्चिलची बाजू मो मोलम यांनी मांडली, त्याही विरोधी लेबर पक्षाच्या! मग लोकांनी मतं दिली आणि चर्चिल साडेचार लाखांहून जास्त मतं मिळवून पहिला आला. दुसरा आला ब्रुनेल, पूल आणि रेल्वे बांधणारा. तुमच्या रेडिंगवरून लंडनला जाणारी गाडी त्यानंच आखलेल्या मार्गावरून धावते, हे मुलीला माहीत आहे का विचार. आमच्याकडे तेव्हा जोरात वाद झाला होता. आमचे 'हे' न्यूटनचे, थोरली डायनाची, आणि मला कुणीच पसंत नव्हतं. पण एक गंमत बघ. ज्या देशानं 2002 मध्ये चर्चिलला डोक्यावर घेतलं, त्याच देशानं जुलै 1945 मध्ये, युरोपातलं युद्ध जिंकून दोन-अडीच महिने होतात न होतात तोच, त्याला निवडणुकीत घरी बसवलं होतं. हे आबांना सांग, खूश होतील.

आणि आबांचं म्हणणं हवेतलं नाही, हे मुलीला कळायला हवं. 1943च्या दुष्काळात बंगालमध्ये तीस लाखांपर्यंत माणसं गेल्याचे अंदाज आहेत. जपाननं ब्रह्मदेश घेतल्यावर तिथला तांदूळ बंद झाला, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारनं किनाऱ्यावरच्या होड्या जप्त केल्या, भाव कडाडले, आणि धान्यासाठी जहाजं मागितली तेव्हा लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळानं मागितली तेवढी दिली नाहीत. चर्चिल भारतीयांबद्दल काय बोलत, ते त्यांच्याच भारतमंत्र्यानं, लिओ अ‍ॅमेरींनी, रोजनिशीत लिहून ठेवलंय; वाचवत नाही. त्यातला दोष चर्चिलचा किती आणि युद्धाचा किती, ह्यावर इतिहासकार अजून भांडतात. मग तुझ्या जेवणाच्या टेबलावर भांडण झालं तर आभाळ कोसळलं का?

मुलीचीही बाजू खरी आहे. मे 1940 मध्ये फ्रान्स कोसळत असताना तहाची चाचपणी करून बघावी म्हणणारे मंत्रिमंडळातच होते; चर्चिलनं ते ऐकलं नाही. तह म्हणणाऱ्यांत पुढे होते लॉर्ड हॅलिफॅक्स. आता हे हॅलिफॅक्स कोण? गांधी-आयर्विन करारातले आयर्विन! सांगलीच्या कृष्णेवरचा आयर्विन पूल ज्यांच्या नावाचा, ते. एवढं वाक्य आबांच्या खोलीच्या दारात उभं राहून म्हण आणि बघ ते बाहेर येतात की नाही. तिचं चुकलं ते एकाच ठिकाणी, 'तुम्हाला काही माहीत नाही' म्हणाली तिथे. त्याची माफी मागायला लाव. चर्चिलबद्दलचं मत बदलायला लावू नकोस.

आता कामाचं. सबटायटल लाव, इंग्रजीच. आपल्याकडच्या मराठी माध्यमात शिकलेल्या ज्येष्ठांना इंग्रजी वाचता उत्तम येतं, पण इथले उच्चार कानाला लागत नाहीत. माझे सासरे तर स्कॉटिश निवेदक असला की चक्क झोपायचे. पट्टी लावल्यापासून तेच आम्हाला 'थांबा, काय म्हणाला तो' करून मागे न्यायला लावू लागले. रिमोट आबांच्या हातात दे. जेवताना नको, जेवण झाल्यावर. थांबवायचं ते प्रश्न विचारायला, भाषण ठोकायला नाही, आणि हा नियम आबांनाही लागू.

आणि सुरुवात चर्चिलपासून करू नकोस. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याच्यापासून कर. हसू नकोस! 'ग्रेट ब्रिटन्स'च्या त्याच 2002च्या पहिल्या शंभरांत तो 58वा होता. जन्म झांझिबारचा, 1946चा, पारशी घरातला, नाव फारुख बलसारा; आणि शाळा पंचगणीची, सेंट पीटर्स. पियानो तिथे शिकला, पहिला बँड तिथे काढला. वाईहून पसरणीचा घाट चढलं की पंचगणी, आणि आबा जवळपास त्याच्याच वयाचे. डॉक्युमेंटरीत पंचगणी आली की थांबव आणि नातीला विचारू दे, त्या काळी घाटातून गाड्या कशा जायच्या, त्या इंग्रजी शाळांतली मुलं बाजारात दिसायची का. तिथे निवेदकापेक्षा आबांना जास्त माहीत असणार. पुढे 1964च्या झांझिबारच्या उठावानंतर त्याचं कुटुंब फेल्टमला आलं, म्हणजे लंडनमधल्या आपल्या हाउन्स्लोच्या शेजारी. त्याच्या आयुष्यात पुरुष होते आणि 1991 मध्ये तो एड्सनं गेला, हेही पडद्यावर येईल. येऊ दे. आबा काही काचेचे नाहीत.

त्यानंतर 'अप' मालिका. 1964 मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजननं सात वर्षांची चौदा मुलं निवडली, आणि मग दिग्दर्शक मायकेल अ‍ॅप्टेड दर सात वर्षांनी त्यांच्याकडे जात राहिले, थेट 2019च्या '63 अप'पर्यंत. माझी आई हॅरोला आमच्याकडे असताना '56 अप' लागलं. त्यातला निक, यॉर्कशरच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकून अमेरिकेत विस्कॉन्सिनला प्राध्यापक झालेला. पोरं म्हणाली, केवढी प्रगती! आई पदरानं चष्मा पुसत म्हणाली, "आणि शेतावर त्याच्या आईबापाजवळ कोण?" पुढची दहा मिनिटं पडद्याकडे कुणी बघितलं नाही. माझा धाकटा त्या दिवशी पहिल्यांदा आजीला विचारत होता की आम्ही इकडे आलो तेव्हा तुला कसं वाटलं. मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

बाकीचे प्रश्न पटकन. आबांच्या खोलीतल्या टीव्हीला वेगळं लायसन्स लागत नाही, एका पत्त्याला एकच. पण बीबीसीचं ऑनलाइन आयप्लेअर बघायचं तर ते हवंच, 'आम्ही फक्त मोबाईलवर बघतो' ही सबब चालत नाही. रविवारी मराठी शाळा की फुटबॉल, हे मुलाला विचार, मला काय विचारतेस? सासूबाईंच्या मालिकेची वेळ आणि तुझ्या ऑफिसच्या मीटिंगची वेळ एकच येत असेल तर त्यांना हेडफोन घेऊन दे. आणि आबांचा विमा काढला नाहीस म्हणतेस, ते वाचून मात्र राग आला. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, आणि ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, तपासतील फुकट, पण दाखल केलं तर एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, दीडपट दरानं बिल लावते. इथे आल्यावरही विमा देणाऱ्या काही कंपन्या आहेत. उद्या सकाळी पहिलं काम ते.