वाचक विचारतात: पुंगळ्यांना चिंच चालते का?

प्रश्न: मी टेक्सासमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी रेंजवर रायफल नेमबाजी करतो. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या स्वच्छ करून पुन्हा भरण्याचा येथे रिवाज आहे. आई समई घासते त्या आठवणीने मी त्या रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवल्या. डाग गेले, पण पुंगळ्या गुलाबी झाल्या. त्या वापराव्यात का? शिवाय घरातले पितळेचे पॉलिश लावले तर चालेल का?
— एक वाचक, ऑस्टिन

उत्तर: काडतुसाच्या पितळात सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. आम्लात फार वेळ राहिल्यास जस्त आधी सुटते आणि वर तांबे उरते. तोच हा गुलाबी रंग. हलक्या हाताने घासल्यावर खाली पिवळे पितळ दिसले तर काळजी नाही, पण पृष्ठभाग खडबडीत लागत असेल तर त्या पुंगळ्या सरळ भंगारात टाकाव्यात. चिंच वाईट नाही, रात्रभर ठेवणे वाईट. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड यांत दहा मिनिटे पुरतात.

पॉलिशबाबत मात्र ठाम नकार. पितळेच्या काही पॉलिशांत अमोनिया असतो, आणि पुंगळीचा तो वैरी आहे. बार उडताना फुगणे आणि मूळ मापावर आणण्यासाठी साच्यात पुन्हा दाबले जाणे यांमुळे पुंगळीच्या मानेत ताण साठतो. तेथे अमोनिया आणि ओल पोहोचली की कालांतराने बारीक चिरा पडतात. हा धडा आपल्याकडचाच आहे. ब्रिटिश काळात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली काडतुसे तडकत, आणि मूत्रातून येणारा अमोनिया हे त्याचे कारण १९२१ साली स्पष्ट झाले. कल्हईवाल्याचा नवसागरही अमोनियाचाच क्षार, म्हणून तोही दूर ठेवावा.

खरे तर लकाकी ही हौस आहे. स्वच्छता हवी ती वाळूच्या कणांनी साचा ओरखडू नये आणि दोष नजरेस पडावेत यासाठी. बुडाच्या किंचित वर चमकदार कडे दिसले तर टोक वाकवलेली तार आतून फिरवून पाहावी. खाच लागली तर ती पुंगळी पुढच्या बाराला तेथेच तुटू शकते.

धुण्याआधी जुना प्रायमर (बुडात बसवलेली, दारू पेटवणारी छोटी टोपी) काढावा, म्हणजे त्याच्या खोबणीत पाणी अडकत नाही. उन्हात दिवसभर वाळवणे उत्तम. ज्योतीवर धरून वाळवू नये, कारण तापून बूड मऊ पडले की ते दाब सोसत नाही. अक्रोडाच्या टरफलांच्या किंवा मक्याच्या कणसाच्या भरडीत घोळवणार असाल तर यंत्र घराबाहेर चालवावे. प्रायमरच्या काजळीत शिसे असते आणि ते त्या धुळीत उतरते. तेव्हा चिंच भिजवलेले ते पातेलेही आता स्वयंपाकघरात परत नेऊ नका.